घरची घोडी आधी

ज्यांच्या दारात घोडी बांधलेली आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, फक्त सल्ले पाठवू नका. यंदाच्या उन्हाळ्यात मला इतके सल्ले मिळालेत की पोत्यात भरता आले असते तर चिमणीची वर्षाची चंदी निघाली असती. आणि सल्ला देणाऱ्यांपैकी एकानेही तिचा ताप मोजला नव्हता.

चिमणी म्हणजे आमची घोडी. तांबूस अंगाची, कपाळावर पांढरा टिळा, आणि स्वभावाने माझ्या नणंदेपेक्षा पुष्कळ बरी. गोचीड चावून रक्तात किडे जातात तो आजार तिला झाला. ती त्यातून उठली, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक शेवट आधी वाचतात आणि मधलं सोडून देतात, आणि सांगण्यासारखं आहे ते मधेच आहे.

आमच्याबद्दल थोडं

माझं माहेर चिंचवडचं, सासर महाळुंग्याचं. चाकणच्या एका कंपनीत ब्रेकचे भाग बनतात, तिथे मी बावीस वर्षं क्वालिटीला आहे. भाग हातात घ्यायचा, भिंगाखाली धरायचा आणि नापास करायचा, हे माझं काम. एक नग खराब निघाला तर मी अख्खी बॅच थांबवते. प्रॉडक्शनवाले माझ्या नावाने बोटं मोडतात. मोडू देत.

सासरची जमीन कंपन्यांत गेली आणि शेतीची हौस बैलगाड्याच्या शर्यतीत उतरली. शहरातल्या माणसाला घोडी म्हटलं की वरात आठवते. आमच्या भागात चार बैल गाड्याला जुंपतात आणि त्यांच्या पुढे घोडी पळवतात. घोडी पुढे दिसते म्हणून बैल जीव तोडून धावतात. घाटात, म्हणजे शर्यतीच्या त्या चढावर, सगळं काम तिचं असतं. गावात फ्लेक्स लागतो त्यावर मात्र मधोमध गॉगल घातलेले आमचे मालक, दोन्ही बाजूंना बैल, आणि चिमणीचं कोपऱ्यात अर्धं तोंड.

मालक म्हणजे माझे यजमान. कंपन्यांना दोन टेम्पो लावलेत, उरलेला वेळ गाडामालक म्हणून मिरवण्यात जातो. धाकटे दीर विलासभाऊजी अंगाने हलके, म्हणून घोडीवर तेच बसतात. त्यांना वाटतं घोडी त्यांच्यामुळे पळते. आणि मामंजी, माझे सासरे, ऐंशीच्या पुढचे. दिवसभर अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून असतात, आणि बोलतात तेव्हा घरातलं कोणी ऐकत नाही. मीही ऐकत नव्हते.

मला हे जनावर दारात नकोच होतं. पण लेक लग्न होऊन गेली त्याच वर्षी चिमणी आली. पहिली शिफ्ट करून मी पावणेचारला कंपनीच्या बसमधून कोपऱ्यावर उतरायचे, आणि माझी चप्पल वाजली की ती गोठ्यातून खिंकाळायची. घरात दुसरं कोणी मान वर करून बघत नव्हतं. जीव लागला, काय करणार.

आणखी एक सांगायला हवं. सासूबाईंना मी बारा वर्षं इन्सुलिन टोचलं. तेव्हापासून गावात माझा हात हलका म्हणून नाव आहे. शर्यत गावच्या यात्रेत असते. यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी आळीतली लोकं आपापल्या घोड्या आणि बैल आमच्या दारात आणतात आणि मी सगळ्यांना ताकदीचं इंजेक्शन देते. घरची घोडी आधी, मग बाकीच्यांची. तसं शुभ असतं म्हणे. मला त्या रांगेचा फार अभिमान होता.

चंदी उरली

महाशिवरात्र होऊन गेली होती. मी बसमधून उतरले, चप्पल वाजली, आणि काहीच आवाज आला नाही. गोठ्यात गेले तर चिमणी मान खाली घालून उभी. सकाळची चंदी तशीच, त्यावर माश्या. कानाला हात लावला तर कान तापलेला.

मालक ओट्यावर फोन बघत होते. मी म्हटलं घोडी खात नाही. ते म्हणाले ऊन आहे. भाऊजींचं मत पडलं की तिला दृष्ट लागली, कारण रविवारी कोणीतरी तिचा व्हिडिओ काढला होता. एवढं निदान व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत. आमच्या कंपनीत एका बोल्टचं कारण शोधायला आठवडा जातो.

संध्याकाळपर्यंत अंगणात दहा-बारा जण जमले. उचलली जीभ लावली टाळ्याला. एकाने ताक पाजायला सांगितलं, दुसऱ्याने कोथिंबिरीचं पाणी, तिसऱ्याने डोक्यावर ओली गोणी. मालकांनी गाडाप्रेमींच्या ग्रुपवर टाकलं, तर तिथून जोडलेले हात, अंगठे, फुलं अशी चाळीस चित्रं आली आणि एक काढ्याची कृती आली, ती माणसाच्या मूळव्याधीची होती. मी वाचून दाखवली तर मालक म्हणाले, औषध ते औषध.

कोणीतरी अण्णांच्या घोडीचा विषय काढला. अण्णा आमच्या मागच्या आळीला राहतात. एकटा माणूस, बायको गेलेली, घोडीवर पोटच्या लेकरासारखी माया. गेल्या यात्रेनंतर तीन आठवड्यांत त्यांची घोडी तापाने गेली. लोक म्हणाले काळीज फुटलं. मी तेव्हाच सगळ्यांना सांगितलं होतं की अण्णा घोडीला दिवसभर उन्हात बांधतात, मरणार नाही तर काय होणार. त्या संध्याकाळीही मी तेच परत म्हटलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

काळा चहा

दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्टला निघताना चिमणीने लघवी केली. बिनदुधाच्या चहासारखी, लालसर काळी. फरशीवरून वाहत आली आणि माझ्या चपलेला लागली.

भाऊजी म्हणाले उन्हाळी लागली असेल, सब्जा द्या. खुर्चीवरून मामंजी म्हणाले, "रगात हाय त्ये. गोचीड बघितली का कुनी? आमच्या बैलांस्नी व्हायचं आसं." मालकांनी त्यांच्याकडे न बघता सांगितलं, आबा, तुमचा काळ गेला. आणि मी, भिंगवाली, बस चुकेल म्हणून निघून गेले. हे मी लपवत नाही. त्या अंगणात अक्कल एकाच माणसाला होती आणि त्याला आम्ही चहासुद्धा सगळ्यांच्या शेवटी द्यायचो.

बसमध्ये बसल्यावर ती लघवी डोळ्यांपुढून हलेना. महाळुंग्याच्या नाक्यावरच उतरले आणि चालत परत आले. कंपनीत कळवलं की येत नाही. कारण विचारलं तर सांगितलं घोडी आजारी आहे. साहेब हसले आणि म्हणाले नीट काहीतरी लिहा, वैयक्तिक कारण वगैरे. साहेबांचा कुत्रा शिंकला की ते अर्धा दिवस घरी असतात. मी रजेच्या अर्जावर 'घोडी आजारी' असंच लिहिलं.

बाई डॉक्टर

चिंचवडच्या माझ्या भावाने एका डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला. वयाने माझ्या लेकीएवढ्या. गाडीतून उतरल्या तेव्हा भाऊजी मला ऐकू जाईल असं पुटपुटले की घोडीला बाई डॉक्टर कधी बघितली नव्हती. मी म्हटलं घोडी पण बाईच आहे.

त्यांनी आधी ताप मोजला. एकशे पाच. चोवीस तासांत एवढी माणसं येऊन गेली, थर्मामीटर लावणारी ही पहिली. मग ओठ वर करून हिरड्या बघितल्या, त्या पिवळट पांढऱ्या पडल्या होत्या. मग चिमणीच्या कानात बोट घातलं, काहीतरी ओढून काढलं आणि तळहातावर ठेवून मालकांच्या नाकासमोर धरलं.

"हे काय आहे?"

"गोचीड. बैलाची हाय ती," मालक म्हणाले.

"आता घोडीची आहे."

शेपटीखाली, आयाळीच्या मुळाशी, मांड्यांच्या आत, सगळीकडे होत्या. केसाएवढी भेग शोधण्याचा मी पगार घेते. वाटाण्याएवढ्या गोचिडी मला दिसल्या नव्हत्या, कारण मी रोज तिच्या नाकाचे लाड करत होते आणि नाकावर गोचीड नसते.

डॉक्टरांनी विचारलं घोडी बैलांच्यात का बांधता. मग मीच सांगितलं. घराच्या डाव्या अंगाला चिमणीची वेगळी पागा आहे, मामंजींनी हौसेने बांधून घेतलेली. दिवाळीत मालकांनी मोठी गाडी घेतली. गल्लीत ठेवली तर पाण्याचे टँकर घासून जातात. म्हणून गाडी पागेत गेली आणि चिमणी गोठ्यात गेली. डॉक्टरांनी पागेकडे बघितलं. गाडीवर कव्हर होतं, शिवून घेतलेलं, माप देऊन.

डब्यातलं रक्त

रक्त तपासायला पिंपरीकडे पाठवायचं होतं आणि डॉक्टरांना माण गावाला एका गोठ्यावर तातडीने जायचं होतं. मी म्हटलं मी नेते. माझ्या जेवणाच्या डब्याचा मधला कप्पा रिकामा केला, टपरीवरून बर्फ आणला, त्यात ती नळी ठेवली आणि भाऊजींच्या मोटारसायकलवर मागे बसले.

चाकणच्या चौकात नेहमीसारखं सगळं ठप्प. पुढे ट्रेलर, ट्रेलरवर नव्या कोऱ्या गाड्या. रोज इतक्या गाड्या बनवणारं हे गाव, आणि इथे एकही गाडी पुढे सरकत नाही. मी डबा पोटाशी धरून बसले होते, बर्फाचं पाणी साडीवर ठिबकत होतं. शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं ताई डब्यात काय आहे. मी म्हटलं रक्त. त्याने रिक्षा वाकडी करून आम्हाला वाट दिली. त्या दिवसात न सांगता माझ्या कामी आलेला तो पहिला पुरुष.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी लाइनवर होते. लाइनवर फोन चालत नाही, म्हणून बाथरूममध्ये जाऊन घेतला. डॉक्टर म्हणाल्या, रक्तात परजीवी सापडलेत, ते लाल पेशी फोडतात, म्हणून लघवी तशी होतेय. मी विचारलं मरेल का. त्या म्हणाल्या, "आज मी नाही म्हणू शकत नाही, ताई." बाहेर कोणीतरी दार वाजवत होतं. मी नळ सोडला आणि रडले. मग तोंड धुतलं आणि जाऊन दोन पेट्या नापास केल्या.

गाडी बाहेर

घरी येऊन मालकांना म्हटलं, "गाडी बाहेर काढा, नाहीतर मी तिच्यावरून गोणपाट टाकून आत घोडी बांधते." ते म्हणाले गाडीला ओरखडा आला तर? मी किल्ली घेतली. मला गाडी चालवता येत नाही हे त्यांना माहीत आहे, म्हणून त्यांनी पळत येऊन स्वतः काढली. तिसऱ्या दिवशी टँकर घासून गेलाच. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

पागा धुतली, चुना मारला, चिमणीला आत आणलं. उपचाराच्या चार सुया होत्या, दर तीन दिवसांनी एक. ती सुई जनावराला सोसत नाही. आधी एक दुसरं इंजेक्शन देतात, तरी अर्धा तास तिच्या तोंडातून लाळ गळायची, घाम फुटायचा, पोट दुखून पाय आपटायची. पहिल्या वेळी मी डॉक्टरांना ओरडले की मारताय का तिला. दुसऱ्या वेळी तिची मान धरून उभी राहिले. ज्याची घोडी या सुयांना सामोरी जाणार आहे त्याने एवढं लक्षात ठेवावं की तो अर्धा तास संपतो. घड्याळ समोर ठेवा आणि सल्ला देणाऱ्यांना फाटकाबाहेर ठेवा.

पहाटे शिफ्टला जायच्या आधी ताप मोजायचा, आल्यावर मोजायचा, हिरड्या बघायच्या, लघवीचा रंग बघायचा. मी वहीत लिहीत होते. दिवसभर मामंजी पागेच्या दारात खुर्ची टाकून बसायचे, एका बरणीत रॉकेल आणि हातात चिमटा. एकेक गोचीड शोधून बरणीत. त्यांचे हात कापतात, पण घोडीला एकदाही टोचलं नाही. मी त्यांना चहा आधी द्यायला लागले. कप परत देताना एकदा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

एका सकाळी पाहिलं तर मालक चिमणीच्या कपाळाला कपाळ लावून उभे. म्हटलं माणूस आहे शेवटी. मग दिसलं की दुसरा हात लांब करून फोटो काढतायत. दहा मिनिटांत स्टेटसला लागला, 'माझी वाघीण लढतेय'. वाघिणीचं शेण मी उचलत होते.

तिसऱ्या सुईनंतर दोन दिवसांनी मी पागेत पायरीवर बसून डब्यातली उरलेली भाकरी खात होते. चिमणीने मान पुढे केली, माझ्या हातातून तुकडा घेतला आणि चावला. मग दुसरा घेतला. मी उठून तिच्यापुढे लसूणघास टाकला, तोही तिने सावकाश खाल्ला. मामंजी म्हणाले, "लागला बग आता." मी विचारलं काय लागला. म्हणाले, "जिवाला जीव."

एक फॉर्म

आतापर्यंत मी सगळ्यांना नावं ठेवली. मालकांना, भाऊजींना, साहेबांना, अख्ख्या आळीला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण माझी आई माझ्यासाठीच वापरायची.

चौथी सुई झाली त्या दिवशी डॉक्टर अंगणात बसून फॉर्म भरत होत्या. हा किडा रक्तातून पूर्ण जात नाही, असं त्या सांगत होत्या. जनावर बरं दिसतं, पण किडा आत वर्षानुवर्षं दडून राहतो आणि दमछाक झाली की परत उठतो. म्हणून चिमणी यंदा घाटात उतरणार नाही. मालकांचा चेहरा पडला. मग डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी कधी असा ताप आला होता का. मी ठामपणे नाही म्हटलं.

"न्हाई कसं?" मामंजी म्हणाले. "गेल्या साली यात्रेच्या आदी दोन दिस पडून न्हवती व्हय? त्यातनं उठली आनि तू सुई टोचली."

मला आठवलं. मरगळलेली होती, मग चरायला लागली, आम्ही विसरून गेलो. डॉक्टरांनी विचारलं कसली सुई. मी सांगितलं, अजूनही जरा मिरवतच, की ताकदीचं इंजेक्शन दर वर्षी मीच देते, आमच्याच नाही, आळीतल्या सगळ्या जनावरांना.

"प्रत्येकाला नवीन सुई?"

मी म्हटलं, "एकच."

कंपनीत मी मापाचं एक गेज दोन मशीनवर फिरू देत नाही. हातमोजे फाटले तर लाइन थांबवते. सासूबाईंची सुई मी रोज टाकून द्यायचे. आणि त्या रांगेत, घोडीच्या मानेतून सुई काढायची, कापसाने पुसायची, पुढच्या मानेत घालायची, असं मी वर्षानुवर्षं केलं. जनावरांना काय होतंय, असं वाटायचं. घाई असायची, लोक वहिनी वहिनी करायचे, आणि मला ते आवडायचं. क्वालिटीवाली म्हणे.

डॉक्टर म्हणाल्या, खात्रीने काही सांगता येत नाही. एका घोडीचा किडा दुसरीत गोचिडीतून जातो तसा सुईतूनही जातो. मग त्यांनी विचारलं, गेल्या वर्षी चिमणीनंतर त्याच सुईने दुसऱ्या कुठल्या घोडीला टोचलं होतं का.

मी कामाच्या सवयीने क्रम विसरत नाही. घरची आधी. तिच्यामागे अण्णांची होती.

मालकांचा उपदेश

डॉक्टर गेल्यावर मालक माझ्याजवळ येऊन बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज एवढा हळू होता. म्हणाले, कोणाला सांगू नको. गावात राहायचंय आपल्याला. आणि खात्री कुठे आहे, बाई स्वतःच म्हणाली. अण्णांची घोडी गेली ती गेली, आता सांगून उठून बसणार आहे का?

मला त्यांचा राग आला असता तर सोपं होतं. पण ते बोलत होते ते सगळं माझं आधीच स्वतःशी बोलून झालं होतं, शब्दसुद्धा तेच होते. त्या दिवशी मला मालकांपेक्षा माझाच जास्त वीट आला. यात्रेला दहा दिवस होते. दहाही दिवस मी काही बोलले नाही. पाणी भरायला मागच्या आळीने न जाता लांबून गेले. एकदा अण्णा दुकानात दिसले तर मी साखर न घेताच परत फिरले.

रांग

यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी फाटक उघडलं तर रांग तयार. बैल, तीन घोड्या, आणि त्यांचे मालक, नवीन टोप्या घालून. सगळ्यात मागे अण्णा, आपली नवी घोडी घेऊन. काळी, कोवळी, कान टवकारलेली.

मी रिकाम्या हाताने बाहेर गेले. मालक ओट्यावर उभे होते, त्यांच्याकडे बघितलं नाही. लोकांना सांगितलं की आजपासून मी टोचणार नाही. चिमणीला जो आजार झाला तो रक्ताचा आहे, तो एकाच सुईने टोचत गेलं की पसरतो, आणि मी दर वर्षी सगळ्या जनावरांना एकच सुई वापरत आले. ज्यांच्या घोड्यांना ताप येऊन गेलाय त्यांनी रक्त तपासून घ्या. नंबर मी फाटकावर लिहून लावलाय.

मला वाटलं होतं शिव्या घालतील. शिव्यांची मी तयारी केली होती. पण पहिल्या नंबरवरचा माणूस हसला. म्हणाला, जाऊ द्या वहिनी, इतकी वर्षं टोचताय, काय झालं का? आणि त्याने घोडीची मान माझ्यापुढे केली. मागून कोणीतरी म्हणालं, उशीर होतोय, आवरा. एकाने स्वतःच्या खिशातून सुई काढून दिली, ती वापरलेली होती. या लोकांना घोडी पुढे पळायला हवी, ती आतून फुटली तरी चालेल. मी गेल्या वर्षीपर्यंत त्यांच्यातलीच होते, फक्त पगारपत्रकावर क्वालिटी लिहिलेली.

मी नाही म्हणत राहिले. कुरकुर करत एकेक जण निघाले, कोणीतरी टोचणारा दुसरा शोधायला. शेवटी अण्णा राहिले. मोहरकीची दोरी एका हातात, दुसरा हात काळीच्या मानेवर.

"वहिनी, माझी तुमच्या आधी होती का नंतर?"

ओट्यावरून मालकांनी खाकरून इशारा केला. तो मला कळला.

"नंतर होती, अण्णा. घरची आधी टोचायचे मी. तुमची तिच्यामागे."

अण्णांनी मान हलवली. ते काळीच्या आयाळीतून बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही सगळ्यांना सांगितलं होतं ना, मी तिला उन्हात बांधायचो म्हणून. मला वाटलं खरंच असेल. वर्षभर तेच डोक्यात होतं. हिच्यासाठी छप्पर घातलं, पंखा लावला. दुपारी झोपत नाही मी, ऊन सरकलं की उठून बघतो."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी थांबायला सांगितलं नाही, पण ऐकायलाही थांबले नाहीत. काळीला वळवलं आणि सावली बघून भिंतीच्या कडेकडेने घेऊन गेले.

पागेतून चिमणी खिंकाळली. आजारानंतर पहिल्यांदाच.